लांडगा तिचा, बाण तुमचे

वाचकाचं पत्र:

"आम्ही सहा जण दर शनिवारी संध्याकाळी सहा ते दहा कर्वेनगरातल्या एका फ्लॅटवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे एकेक पात्र घेऊन, फासे टाकत टेबलावर गोष्ट रंगवतो. पाचवी आवृत्ती, २०१४ची नियमावली आणि २०२०चं पूरक पुस्तक. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणं आणि शत्रू चालवणं माझ्याकडे. पात्रं पाचव्या लेव्हलला आहेत: फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार), ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) आणि रोग (लपूनछपून वार करणाऱ्या) क्लासचा एक नोम (बुटक्या जमातीचा). ड्रुइड खेळणारी मैत्रीण प्रत्येक लढाईत समन बीस्ट हा स्पेल (मंत्र) टाकते आणि लांडग्याच्या रूपातला स्पिरिट बोलावते. त्याची टर्न आली की सहा-सहा मिनिटं जातात, बाकीचे फोन काढून बसतात. फायटर म्हणतो, माझ्यापेक्षा लांडगाच जास्त मारतो. दोन आठवड्यांपूर्वी कंटाळून मी लांडगा स्वतःकडे घेतला आणि तो घाबरून मागे सरला असं सांगितलं, तर ती जाम चिडली. मागच्या शनिवारी तिने कॉन्जर ॲनिमल्स हा दुसरा स्पेल टाकून आठ लांडगे आणले आणि एकच लढाई सव्वा तास चालली. आता शत्रूंनी आधी लांडग्याला मारावं की तिला? आणि नोम विचारतोय, लांडग्यावर बसता येईल का?"

उत्तर:

आधी लांडगा तिला परत द्या. शनिवारची वाट बघू नका, आजच मेसेज करून सांगा की इथून पुढे लढाईत तो तूच चालवायचास.

तिचं चिडणं रास्त आहे, आणि त्याचं कारण स्पेलमध्येच आहे. समन बीस्टमधला स्पिरिट तिचा आणि तिच्या साथीदारांचा मित्र असतो, तिने तोंडी दिलेला हुकूम पाळतो आणि हुकूम द्यायला तिची ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च होत नाही. तिने काहीच सांगितलं नाही तर तो डॉज ॲक्शन (वार चुकवत राहण्याची) घेतो आणि आपली चाल धोका टाळण्यासाठी वापरतो. म्हणजे तुम्ही सांगितलं तसं मागे सरणं नियमात आहे, पण ती गप्प राहिली तरच. या आज्ञाधारकपणासाठी तिने बरंच काही मोजलंय: एक स्लॉट (स्पेल टाकण्याचा मोजका हक्क, त्यालाही लेव्हल असते), पहिल्या टर्नची अख्खी ॲक्शन, तासाभराचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेलवर धरलेलं लक्ष, ते तुटलं की स्पेल संपतो) आणि २०० सोन्याच्या नाण्यांचं सोनेरी मुलाम्याचं ओकफळ. (ते वापरून संपत नाही, पण किंमत लिहिलेली असल्यामुळे एरवी साहित्याऐवजी चालणाऱ्या ड्रुइडच्या फोकसवर भागत नाही. तिच्याकडे आहे ना, तेवढं एकदा बघून घ्या.) डीएमने लांडगा हातात घेतला की हे सगळं मोजूनही तिच्या पदरात काहीच पडत नाही. शिवाय तुमच्याकडे आधीच डाकूंची अख्खी टोळी असते, त्यात लांडगाही आला तर तुमचीच टर्न लांबते.

तुमच्या हातात काय राहतं? जग लांडग्याकडे कसं बघतं ते, शत्रू काय करतात ते, आणि हुकूम संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ. संदिग्ध हुकमाच्या वेळीही आधी विचारा: "दाराशी थांब म्हणजे दारात की दाराबाहेर?" लढाई संपल्यावर लांडग्याच्या वागण्याचं एखादं वाक्य तुम्ही बोललात तर छानच, तो शेकोटीजवळ कसा बसतो, कोणाचा हात हुंगतो. लढाईच्या मधे मात्र नको.

आता सहा मिनिटांचं. टेबलावर पाच जणांना एकेक मिनिट आणि डीएमला दोन, असा सात मिनिटांचा राउंड (सगळ्यांची एकेक टर्न) चांगला म्हणायचा. त्यात लांडग्याची सहा मिनिटं टाका, चार राउंडांत चोवीस मिनिटं नुसत्या लांडग्याला. हा वेळ साधारण तीन ठिकाणी जातो. लांडग्याची टर्न सुरू झाल्यावर मग ती विचार करायला लागते. मग आकडे शोधायला फोनवर पान वर-खाली होतं, आणि स्पिरिटचे आकडे स्लॉटच्या लेव्हलप्रमाणे बदलत असल्याने दर वेळी तोंडी बेरीज होते. मग आधी हल्ल्याचा फासा, "लागला का?", "लागला", मग नुकसानीचा फासा शोधणं, मग पुन्हा बेरीज. या तिन्हींवर उपाय वेगवेगळे आहेत आणि तिन्ही केले तर लांडग्याची टर्न वीस-तीस सेकंदांत बसते.

विचार उशिरा सुरू होण्यावर उपाय: लांडग्याला स्वतःची वेगळी टर्न आहे असं टेबलाने मानणं बंद करायचं. नियमाने तो तिच्याच इनिशिएटिव्हवर (टर्नच्या क्रमातल्या नंबरवर), तिच्या टर्नच्या लगेच नंतर खेळतो. इनिशिएटिव्हच्या चिठ्ठ्या लावत असाल तर त्याची वेगळी चिठ्ठी करू नका, तिच्याच चिठ्ठीवर खाली "+ लांडगा" लिहा. तिच्या आधीच्या खेळाडूची टर्न चालू झाली की "पुढची तू" म्हणा. आणि तिने आपली टर्न संपवताना शेवटचं वाक्य लांडग्याला दिलेला हुकूमच असावा. एकच वाक्य: कोणाला, काय, कुठून. "त्या धनुष्यवाल्याला धर, खांबामागून जा." गोष्टीतल्या जगात राउंड सहा सेकंदांचा असतो. सहा सेकंदांत लढता लढता तोंडाने जेवढं सांगता येईल तेवढाच हुकूम. "तो मागे गेला तर हे कर, नाही गेला तर ते कर" असं रणांगणात कोणी सांगू शकत नाही, टेबलावरही चालवू नका.

वाळूचं अर्ध्या मिनिटाचं घड्याळ ठेवलंत तर वाळू संपेपर्यंत हुकूम न आल्यास लांडगा डॉज करतो. ही शिक्षा वाटायला नको, कारण हुकूम नसताना तो हेच करतो असं स्पेलमध्ये लिहिलेलंच आहे आणि डॉज ही वाईट ॲक्शन नाही. तरी पहिल्या शनिवारी घड्याळ आणू नका. आधी नुसती एका वाक्याची सवय लागू द्या, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. एखाद्या टेबलावर "नवा हुकूम नसेल तर मागचाच चालू" असा घरचा नियम करतात. मूळ नियमात तो नाही, पण वेळ वाचतो. घ्यायचा असेल तर सगळ्यांसमोर ठरवून घ्या.

आकड्यांसाठी कार्ड करा. अप्पा बळवंत चौकात जाड कार्डशीट मिळतं, त्याचे पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचे तुकडे. एका कार्डावर एकच स्लॉट आणि एकच रूप, कुठलीही बेरीज शिल्लक न ठेवता. तिची विज्डम (शहाणपणाचा गुण) १८ धरली (पाचव्या लेव्हलला स्पेल अटॅक, म्हणजे हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा, +७) तर तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटचं कार्ड असं दिसेल:

समन बीस्ट, ३री लेव्हल, जमिनीवरचा
एसी (हल्ला लागायला गाठायचा आकडा) १४, एचपी (किती मार सोसेल) ३५
चाल ३० फूट, चढणं ३० फूट
हल्ला १: +७, नुकसान १डी८ (आठ बाजूंचा एक फासा) + ७
पॅक टॅक्टिक्स: लक्ष्याच्या ५ फुटांत आपला शुद्धीवरचा माणूस असेल तर दोन फासे, मोठा धरायचा
रिॲक्शन: [ ]
माझं कॉन्सन्ट्रेशन: [ ]

दुसऱ्या लेव्हलच्या कार्डावर एसी १३, एचपी ३०, नुकसान १डी८ + ६. उडणाऱ्या रूपाचे एचपी कमी, दुसऱ्या लेव्हलला २० आणि तिसऱ्याला २५. उडण्याची चाल ६० फूट, पॅक टॅक्टिक्स नाही, पण शत्रूच्या टप्प्यातून उडून जाताना संधीचा हल्ला बसत नाही. शेवटचे दोन चौकोन पेन्सिलने भरायचे आणि खोडायचे. रिॲक्शनचा चौकोन क्षुल्लक वाटेल, पण लांडग्याला स्वतःची रिॲक्शन (राउंडात एकदाच, बहुधा दुसऱ्याच्या टर्नला करायची कृती) असते आणि शत्रू त्याच्यापासून दूर पळाला तर तो संधीचा हल्ला करू शकतो, एकच हल्ला. चौकोन नसला की हे एक तर विसरलं जातं, नाहीतर एका राउंडात दोनदा वापरलं जातं.

कार्ड बनवताना एक गोष्ट तिच्या लक्षात येईल. स्पिरिटचे हल्ले स्लॉटच्या लेव्हलच्या निम्मे, अपूर्णांक सोडून. दुसऱ्याला एक, तिसऱ्यालाही एकच, चौथ्याला दोन. म्हणजे समन बीस्टवर तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट घालून फक्त एक एसी, पाच एचपी आणि एक गुण नुकसान वाढतं. पाचव्या लेव्हलच्या पात्राला तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोनच आहेत. लांडगा दुसऱ्या लेव्हलने बोलवावा आणि तिसऱ्याचा स्लॉट समन फे या दुसऱ्या स्पेलसाठी ठेवावा असं तिला जरूर सुचवा: एसी १५, एचपी ३०, नुकसान सरासरी १३, वर बोनस ॲक्शनने (टर्नमधल्या जादा छोट्या कृतीने) एका क्षणात ३० फूट दुसरीकडे उमटणं. त्यासाठी ३०० नाण्यांचं मुलामा दिलेलं फूल लागेल, म्हणजे तुम्हाला एक छोटी मोहीम आयती मिळाली. पात्र सातव्या लेव्हलला पोहोचून चौथ्या लेव्हलचा स्लॉट आला की लांडगा दोनदा चावेल, सरासरी साडेबारा-साडेबारा. त्याची तयारी तुम्ही आत्ताच मनात करून ठेवा.

फाशांसाठी: वीसचे (वीस बाजूंचे) दोन आणि आठचा एक, तिच्या नेहमीच्या सेटपेक्षा वेगळ्या रंगाचे, फक्त लांडग्याचे. तिन्ही एकदम टाकायचे. हल्ला हुकला तर आठच्या फाशाकडे बघायचंच नाही. पॅक टॅक्टिक्स लागू नसेल तर वीसचा एक बाजूला. इतकी साधी गोष्ट, पण "लागला का?"च्या दोन फेऱ्या वाचतात.

चौकटींच्या कागदावर (एक इंच म्हणजे पाच फूट) लांडग्यासाठी बाटलीचं झाकण ठेवू नका. तुळशीबागेतल्या खेळण्यांच्या दुकानातून अंगठ्याएवढा प्लास्टिकचा प्राणी आणा. सगळ्यांना लांब अंतरावरून कळलं पाहिजे की ती चौकट भरलेली आहे. आपल्या माणसाच्या चौकटीतून जाता येतं, पण चाल तिथे संपवता येत नाही. पाच फुटी बोळात लांडगा दारात उभा राहिला तर शत्रूला सरळ आत येता येत नाही, तसंच तुमच्या फायटरलाही त्याच्याशेजारी उभं राहता येत नाही. हुकूम देताना तिने हे आधी बघावं, नाहीतर लांडगा पुढे जातो आणि फायटर मागे अडकून बसतो, आणि मग तक्रार होते ती वेगळी. रूप कसलंही चालेल. तिला लांडग्याऐवजी जुन्नरकडचा बिबट्या हवा असेल तर बिबट्या, आकडे तेच.

आता फायटरचं म्हणणं. हे आकड्यांतच सोडवू. पाचव्या लेव्हलचा ढाल-तलवारवाला फायटर, स्ट्रेंग्थ १८, ड्युएलिंग स्टाइल (एकहाती शस्त्राला जादा नुकसान): दोन हल्ले, प्रत्येकी सरासरी १०.५. शत्रूचा एसी १५ असेल तर +७ने वीसपैकी आठ किंवा जास्त पडलं की लागतो, म्हणजे ६५ टक्के. दोन हल्ल्यांचे मिळून राउंडाला साधारण साडेतेरा. तिसऱ्या लेव्हलचा लांडगा एकटा असला तर साडेसात. पण फायटर त्याच शत्रूला भिडलेला असेल तर पॅक टॅक्टिक्समुळे ६५चे ८८ टक्के होतात आणि लांडगा दहावर जातो. म्हणजे लांडगा जोरात चालतो तो फायटर पुढे उभा आहे म्हणून! हे त्याला सांगा आणि टेबलावर दर वेळी मोठ्याने म्हणा: "फायटरने धरलाय, म्हणून दोन फासे." तिचा प्रोड्यूस फ्लेम हा आगीचा स्पेल धरून ती आणि लांडगा मिळून सोळाच्या आसपास जातात हे खरं, पण तेवढ्यासाठी तिचा स्लॉट आणि एक ॲक्शन आधीच गेलेली असते.

याहून मोठा फायदा नोमचा आहे आणि बहुतेक टेबलांवर तो कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्याच्या स्नीक अटॅकला (रोगच्या गुपचूप वाराला) लक्ष्याच्या पाच फुटांत त्या लक्ष्याचा दुसरा शत्रू असला की पुरतो. लांडगा म्हणजे तो शत्रू. पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅक सहाच्या तीन फाशांचा, सरासरी साडेदहा. लांडग्याने धनुष्यवाल्याजवळ नुसतं उभं राहावं, चावा हुकला तरी चालेल, नोमचे साडेदहा वसूल. हे एकदा टेबलाला कळलं की लांडग्याच्या टर्नला फोन बाहेर येत नाहीत, कारण "त्याला कुठे उभं करायचं" यात सगळ्यांचा मतलब असतो. सल्ला सगळ्यांनी द्यावा. हुकूम मात्र तिचाच.

शत्रूंनी कोणाला मारावं, या प्रश्नात तुमचा राग जरा दिसतो. नियमात याची सोय आधीच आहे, ती म्हणजे कॉन्सन्ट्रेशन. तिला नुकसान झालं की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाच्या गुणाचा) सेव्ह, म्हणजे स्पेल टिकवायला टाकायचा फासा, लक्ष्य १० किंवा नुकसानीच्या निम्मे, जे जास्त असेल ते. बेशुद्ध पडली तर सेव्हही नाही, लांडगा त्याच क्षणी गेला. ड्रुइडला या सेव्हचं प्रावीण्य नसतं. तिचं कॉन्स्टिट्यूशन १४ धरलं तर +२, म्हणजे एका फटक्याला टिकण्याची शक्यता ६५ टक्के. लागोपाठ तीन फटके बसले तर तिन्ही टिकण्याची २७. वॉर कास्टर हे फीट (निवडून घ्यायची खास कला) घेतलं तर दर सेव्हला दोन फासे, आणि तीन फटक्यांनंतरही ६८ टक्के. पुढचं फीट काय घ्यावं यावर तिला उत्तर मिळालं.

आता तुमचे साधे डाकू घ्या, क्रॉसबोला +३. तिचा एसी १५ असेल तर एक बाण लागायची शक्यता ४५ टक्के, आणि एका बाणाने कॉन्सन्ट्रेशन तुटायची साधारण १६. राउंडाला दोन बाण तिच्यावर सोडलेत तर लांडगा टिकायची शक्यता ७१ टक्के. सहाच्या सहा सोडलेत तर ३६. माझं मत: समजूतदार शत्रू असतील तर राउंडाला दोन बाण, त्याहून जास्त नाही. दोन बाणांत धाकधूक आहे, आणि खांबामागे जाण्याला अर्थ आहे (अर्ध्या आडोशाने एसी दोनने वाढतो). सहा बाणांत फक्त डीएमचा वैताग आहे आणि तो टेबलावर लगेच ओळखू येतो.

पण डाकूला कसं कळलं की लांडगा तिचा आहे? याचं उत्तर तुमच्याकडे प्रत्येक वेळी हवं. हुकूम तोंडी असतो, म्हणजे ऐकू जातो. पहिल्या राउंडात एखादा डाकू ओरडेल, "ती बाई बोलते तसं ते जनावर करतंय!", आणि दुसऱ्या राउंडापासून बाण तिच्याकडे वळतील. हे वाक्य मोठ्याने म्हणा, म्हणजे तिला खांबामागे जायला एक टर्न मिळते. अस्वल, मुंग्या, झाँबी यांना हे कळणार नाही, ते समोरच्याला धरतील, आणि समोर बहुधा लांडगाच असेल. लांडग्याचे ३५ एचपी संपायला दोन-तीन वार गेले तर ते तीन वार क्लेरिकवर पडले नाहीत. म्हणजे लांडगा मेला तरी स्लॉट कामी आला, आणि त्याला डेथ सेव्ह (मरता मरता वाचायचे फासे) नसतात, शून्याला तो नाहीसा होतो. तेव्हा तीनपैकी दोन लढायांत शत्रू बिनडोक ठेवा आणि लांडग्याला पुढे जाऊ द्या.

यावर तिच्याकडे सुंदर तोड आहे, तिला सुचली नसेल तर सांगा. स्पिरिटला तिला येणाऱ्या सगळ्या भाषा कळतात. ड्रुइडांची गुप्त भाषा, ड्रुइडिक, तिला येते आणि डाकूंना येत नाही. त्या भाषेत हुकूम दिला तर ती बोलतेय हे दिसेल, काय बोलतेय ते कळणार नाही. उलट बाजूने, शत्रूकडच्या पुजाऱ्याने सायलेन्स (आवाज बंद करणारा स्पेल) टाकला आणि ती त्या गोलात अडकली तर तिचा हुकूम बाहेर जात नाही, लांडगा डॉज करत बसतो. डिस्पेल मॅजिकने (दुसऱ्याचा स्पेल मोडणाऱ्या स्पेलने) तिसऱ्या लेव्हलपर्यंतचा स्पिरिट फासा न टाकताच जातो. हे दोन्ही उपाय मिठासारखे वापरा, सहा-सात सेशनमध्ये एखाद्या वेळी.

एक राउंड जवळून बघू. सहा डाकू (एसी १२, एचपी ११) आणि त्यांचा कॅप्टन (एसी १५, एचपी ६५). फायटर कॅप्टनला भिडलाय. ड्रुइडची टर्न: प्रोड्यूस फ्लेम कॅप्टनवर, १४ अधिक ७, एकवीस, लागला, आठचे दोन फासे मिळून ९. ती खांबामागे सरकते आणि म्हणते, "कॅप्टनला धर, डावीकडून." टर्न संपली. लांडगा २५ फूट जातो, तिन्ही फासे पडतात: ६, १२ आणि आठच्या फाशावर ३. बारा धरायचा, अधिक ७, एकोणीस. कॅप्टनकडे पॅरी आहे, रिॲक्शन खर्चून एका हातघाईच्या वारापुरता एसी दोनने वाढवता येतो. पण १७ झाला तरी १९ लागतोच, तेव्हा तुम्ही पॅरी राखून ठेवता. नुकसान ३ अधिक ७, दहा. झालं. पुढे दोन डाकू तिच्यावर बाण सोडतात, आडोशाने एसी १७. एक हुकतो, एक बरोबर १७ने लागतो, ६ नुकसान. सेव्ह: ९ अधिक २, अकरा. लांडगा राहिला. टेबल श्वास सोडतं आणि नोम कॅप्टनच्या पाठीमागे पोहोचतो.

इथे एक चूक फार होते. तिची टर्न आणि लांडग्याची टर्न कालवून खेळतात: ती अर्धी चाल चालते, लांडगा चावतो, मग ती उरलेली चाल चालून स्पेल टाकते. समन स्पेलमध्ये लांडगा तिच्या टर्ननंतर खेळतो, मधे नाही. हा गोंधळ होतो कारण त्याच २०२०च्या पुस्तकात बीस्ट मास्टर रेंजरचा (जनावर पाळणाऱ्या शिकारी पात्राचा) प्रायमल कंपॅनियन रेंजरच्या टर्नच्या आतच खेळतो, आणि त्याला हल्ला करायला लावायचं तर रेंजरची बोनस ॲक्शन किंवा त्याचा स्वतःचा एक हल्ला जातो. वाइल्डफायर ड्रुइडच्या स्पिरिटलाही बोनस ॲक्शन लागते, पण तो टर्ननंतर खेळतो. विझार्डने फाइंड फॅमिलियरने घुबड आणलं तर त्याचं इनिशिएटिव्ह वेगळं, कॉन्सन्ट्रेशन नाही, आणि ते हल्ला करूच शकत नाही. चार गोष्टी, चार नियम. ज्याच्या त्याच्या कार्डावर ज्याचा त्याचा नियम लिहून टाका. दुसरी नेहमीची चूक: लांडगा बाहेर असताना तिने फेअरी फायर, एंटँगल किंवा मूनबीम टाकला तर तेही कॉन्सन्ट्रेशनचे स्पेल आहेत, लांडगा गेला. तिचा चौकोन पेन्सिलने भरलेला असेल तर हे टाकण्याआधी तिच्याच लक्षात येईल. आणि हा स्पेल एक तासाचा आहे, शॉर्ट रेस्टही किमान एका तासाची, म्हणून विश्रांती घेऊन उठल्यावर लांडगा शेजारी नसतो.

लढाई आखताना लांडग्याला सहावा खेळाडू धरू नका. सगळ्या शत्रूंचे एचपी वाढवले तर तिचा स्लॉट फुकट जातो आणि फायटरचे वारही बोथट होतात. फार तर एक धनुष्यवाला वाढवा, उंचावर.

आठ लांडग्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे तुमची तक्रार पूर्ण बरोबर आहे. २०१४च्या नियमांतल्या साध्या लांडग्याचे आकडे: हल्ल्याला +४, नुकसान चारचे (चार बाजूंचे) दोन फासे अधिक २, सरासरी ७, आणि पॅक टॅक्टिक्स. एसी १५ समोर ७५ टक्के लागतात. आठांचे मिळून राउंडाला बेचाळीस, फायटरच्या तिप्पट. वर प्रत्येक चाव्यानंतर शत्रूला स्ट्रेंग्थचा सेव्ह, नाहीतर तो आडवा. फासे मोजा: हल्ल्याचे सोळा, नुकसानीचे सोळापर्यंत, सेव्हचे आठपर्यंत. सव्वा तास लागला यात तिचा दोष नाही. २०२४च्या सुधारित नियमांत याच स्पेलचं रूप बदलून एकच झुंड केली आहे, जिला वेगळे एचपी नाहीत, वेगळ्या टर्न नाहीत. तुमचं टेबल जुन्या नियमांवर असलं तरी हा एक स्पेल नव्यातून घ्यायला हरकत नाही. नको असेल तर तिच्याशी ठरवा की त्या स्पेलमधून दोनच मोठे प्राणी यायचे. संख्येचा पर्याय ती निवडते, पण कोणते प्राणी येतात ते डीएम ठरवतो. आणि आठच यायचे असतील तर दोन-दोनची जोडी करा: चार हल्ले, लागला तर थेट १४ नुकसान, नुकसानीचे फासे नाहीत, सेव्ह एका लक्ष्याला राउंडात एकदाच. दोन जोड्या तिने टाकाव्यात, दोन शेजारच्या खेळाडूने. हा घरचा हिशेब आहे, नियम नाही, पण त्याने आठ लांडगे दोन मिनिटांत आटपतात.

नोमला लांडग्यावर बसता येणार नाही. स्वार व्हायला जनावर स्वारापेक्षा किमान एक आकार मोठं लागतं, आणि समन बीस्टचा स्पिरिट कुठल्याही स्लॉटने आला तरी स्मॉल आकाराचाच असतो, नोमएवढाच. त्याला बसायचंच असेल तर नियमावलीच्या किंमतयादीत २५ सोन्याच्या नाण्यांना मॅस्टिफ कुत्रा आहे. तो मीडियम आकाराचा आहे, नोमला पाठीवर घेतो आणि कोणाचं कॉन्सन्ट्रेशन तुटलं तरी जागेवर राहतो.